न धुतलेली बाटली

भोकरदनच्या बायका आसिफाच्या पार्लरला पार्लर म्हणतच नसत. बसस्टँडमागच्या गल्लीतलं निळ्या शटरचं ते दुकान सगळ्यांना ‘बाटल्यांचं दुकान’ म्हणूनच ठाऊक होतं. भुवया करायला आलेली बाई आधी पिशवीतून रिकामी बाटली काढायची, टेबलावर ठेवायची आणि मगच खुर्चीत बसायची. भिंतीला लागून तोट्या बसवलेले स्टीलचे पाच डबे होते. शांपू, खोबरेल, बदामाचं तेल, लोशन आणि गुलाबपाणी. रिकामी बाटली द्यायची, भरलेली न्यायची. ना पुडी, ना प्लास्टिकची डबी.

ही गोष्ट तिला सुचली ती नवऱ्याच्या भंगाराच्या दुकानात. आमिरच्या वखारीत लोखंड, पुठ्ठा, काच सगळं वेगवेगळं रचलेलं असायचं, आणि कोपऱ्यात शांपूच्या आणि क्रीमच्या चकचकीत पुड्यांचा ढीग. तो कुणीच नेत नसे. “इसका कुछ नहीं बनता,” आमिर म्हणायचा, आणि महिन्यातून एकदा तो ढीग गावाबाहेर नेऊन टाकायचा. नाल्यात अडकलेल्या त्या पुड्या बघून आसिफाच्या मनात आलं, की यातल्या निम्म्या तर आपल्याच पार्लरातल्या. मग तिने वखारीतल्या औषधाच्या तपकिरी काचेच्या बाटल्या निवडून आणल्या, उकळून घेतल्या आणि सुरुवात केली. दोन वर्षांत तिचं नाव झालं. कॉलेजच्या मुलींनी मोबाइलवर व्हिडिओ टाकले, महिला दिनाला कुणी तरी शाल घातली.

तिचा नियम एकच होता, पण कडक. आलेली बाटली लाल क्रेटमध्ये. संध्याकाळी कढत पाणी, साबण आणि ब्रश. दुसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात पालथी घालायची, खडखडीत वाळली की निळ्या क्रेटमध्ये. भरायची ती फक्त निळ्यातली. कुणाच्या घरात त्या बाटलीत काय काय भरून ठेवतात, देव जाणे. रॉकेलपासून काढ्यापर्यंत सगळे वास तिने हुंगले होते.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी तो नियम मोडला.

तीन दिवसांपासून आभाळ गच्च होतं. गच्चीवरच्या बाटल्या वाळत नव्हत्या आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सणाला तोंड उजळ दिसायला पाहिजे म्हणून अख्खं गाव लोटलं होतं. दुपारी चारच्या सुमारास निळं क्रेट रिकामं झालं. नेमकी तेव्हाच पायल आली.

पायल म्हणजे चांगुणाबाईंची सून. दोन वर्षांपूर्वी अंकुशनगरहून लग्न होऊन आलेली, बोलकी, हसतमुख मुलगी. तिचा नवरा कल्याण मोंढ्यात अडतीच्या दुकानावर होता. चांगुणाबाईंचा सारा जन्म शेतात गेलेला. आता गावात लेकाकडे राहत होत्या, पण डोळ्यांची आग काही जात नव्हती. रोज दुपारी कापसाचे बोळे गुलाबपाण्यात भिजवून डोळ्यांवर ठेवायच्या, दोन थेंब डोळ्यातही सोडायच्या.

“ताई, सासूबाईंचं गुलाबपाणी तेवढं द्या ना जल्दी. घरी मखर लावायचं राह्यलंय,” पायल म्हणाली.

“बाटल्या संपल्या गं. उद्या ने.”

“उद्या कुठं जमतंय ताई? महालक्ष्म्या येतेत उद्या.”

खुर्चीत एक बाई तोंडाला लेप लावून बसली होती, दोघी बाकावर होत्या, दारात आणखी तिघी. आसिफाने लाल क्रेटकडे पाहिलं. वरचीच बाटली तिने उचलली, नाकाशी नेली. कसलाच वास नव्हता. आत कोरडी वाटली. तपकिरी काचेतून तळ काही दिसत नव्हता. तिने ती ओढणीच्या टोकाने तोंडाशी पुसली, तोटीखाली धरली, भरली आणि पायलच्या हातात दिली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

महालक्ष्म्यांच्या जेवणावळीच्या दिवशी बातमी आली. गुलाबपाणी डोळ्यात घातल्याबरोबर चांगुणाबाई किंचाळल्या होत्या. डोळा उघडेना, पाणी थांबेना. कल्याणने त्यांना गाडीत घालून संभाजीनगरला नेलं. उजवा डोळा वाचला, डाव्या बुबुळावर जखम झाली.

ऐकलं तेव्हा आसिफाच्या हातात कात्री होती. ती तिने खाली ठेवली. त्या बाटलीचंच असेल असं कशावरून, हे तिने स्वतःला पहिल्यांदा तेव्हा विचारलं. पुढे कितीतरी वेळा विचारणार होती.

तिसऱ्या दिवशी कल्याण दुकानात आला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. खुर्चीत कुणी नव्हतं.

“भाभी, एक इचारायचं होतं. राग मानू नका. डॉक्टर म्हणले, बाटलीत नाली मोकळी करायच्या सोड्यासारखं कायतरी होतं. आमच्या न्हाणीत तसलं पाकीट हाये. पायलनंच आणलंय. पण ती म्हणून राह्यली, मी बाटलीला हातबी लावला न्हाई, दुकानातून आली तशी आईला दिली.” तो थांबला. “तुम्ही बाटली धुऊनच दिल्ती ना?”

त्या क्षणी खरं बोलणं अगदी सोपं होतं. नंतर तिला ते आठवायचं आणि नवल वाटायचं. एक नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे दारात जमलेली माणसं आली, फुटलेले डबे आले. ही गोष्ट एका दुकानाची राहणार नाही, मोहल्ल्याची होईल, हेही आलं. आणि तोंडातून शब्द निघून गेले.

“धुतली होती. मी न धुता कधी देतच नाही.”

कल्याणने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीच आलं नाही. उलट आणखी ओझं पडल्यासारखा तो पायऱ्या उतरला.

त्याच आठवड्यात पायल माहेरी गेली. धाडली, असं बायका म्हणाल्या. सणाआधी सासू-सुनेचं कशावरून तरी वाजलं होतं म्हणे, ते आता सगळ्यांना आठवलं. कुणी म्हणालं निष्काळजी आहे, कुणी आवाज खाली आणून म्हणालं, मुद्दामच केलं असेल. हे सगळं आसिफाच्या दुकानात, आसिफाच्याच खुर्चीत बसून बोललं जायचं. ती दोरा दातात धरून भुवया कोरत राहायची. दातात दोरा असला म्हणजे बोलावं लागत नाही.

तरी तोवर तिच्याजवळ एक आडोसा होता. बाटलीत खरंच काही होतं की नाही, हे तिला कुठे माहीत होतं? तो आडोसा सलमाने काढून घेतला, तोही हसत हसत. सलमा शेजारच्या गल्लीत राहायची, शिवणकाम करायची. दोन बाटल्या परत द्यायला आली आणि म्हणाली,

“अगे, पिछली बार की बाटली बराबर धोई ना? आमच्या मोरीची नाली तुंबल्ती, तवा सोडा पाण्यात कालवून त्याच्यात भरून ठेवल्ता. तुला सांगायचं राहूनच गेलं. पण तू तर उकळतेच म्हणा सगळं.”

“कधी दिली होतीस ती?” आसिफाने विचारलं.

“महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी. किती गर्दी होती! मी तर दारातूनच क्रेटमध्ये ठेवून गेल्ते.”

“उकळते मी सगळं,” आसिफा म्हणाली.

सलमाला काहीच वावगं वाटलं नाही. ती गेल्यावर आसिफाने शटर अर्धं ओढलं आणि मागच्या मोरीत जाऊन उभी राहिली. तपकिरी काच. वास नसलेला सोडा. तळाला वाळून बसलेला, वरून गुलाबपाणी पडल्याबरोबर विरघळलेला.

संध्याकाळी तिने आमिरला सगळं सांगितलं. तो चुलीपुढच्या स्टुलावर बसून चहा पीत होता. कप तसाच हातात राहिला.

“और तूने बोल दिया, धोई थी?”

“हो.”

कप खाली ठेवत तो म्हणाला, “अब बोलके क्या होना है? आँख वापस आती क्या? दुकान जाएगी, नाम जाएगा.” मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “तुझे जो ठीक लगे.”

पण ठीक काय ते तिला कळत होतं, म्हणूनच ती ते टाळत होती. ती आता बाटल्या दोनदा उकळायला लागली. मग तीनदा. हातांची सालं निघाली. एखादी बाई म्हणायची, “किती बाई स्वच्छता तुझी!” आणि आसिफाला कुणीतरी गालात मारल्यासारखं व्हायचं. नमाजाला बसली की दुआ मागताना तिला शब्द सापडायचे नाहीत. चांगुणाबाईंच्या डोळ्यासाठी मागावं तर वाटायचं, आपण कुठल्या तोंडाने मागतोय? पायलसाठी तर मागायची गरजच नव्हती. पायलचं जे व्हायचं ते आसिफाच्या जिभेवर होतं.

दिवाळीनंतर पायलचा फोन आला. आसिफाने नाव पाहिलं आणि रिंग संपत येईपर्यंत उचलला नाही. मग उचलला.

“ताई, मी पायल. भांडायला न्हाई केला फोन. तेवढं एक आठवून बघता का? माझ्या आधी तिथं कोण आल्तं, गडबडीत एखादी बाटली इकडची तिकडं झाली असंल का? तुमच्यावर आळ न्हाई घेत मी. तुम्ही धुतलीच असंल. पण मीबी टाकलं न्हाई ना ताई त्याच्यात काही. मंग ते आलं कुठून? मी इथं बसून नुसता तोच इचार करून राह्यले. कधी कधी वाटतं, मीच येड्यासारखं काही केलं आणि इसरले का काय.”

मागे साखर कारखान्याचा भोंगा वाजत होता. गाळप सुरू झालं होतं.

“आठवून बघते,” आसिफा म्हणाली. इतकंच म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की ती पोर आता स्वतःवरच संशय घ्यायला लागली आहे.

त्यानंतर चार दिवसांनी चांगुणाबाई स्वतः दुकानात आल्या. काळा चष्मा, हातात काठी. पायरीवर त्यांचा पाय अडखळला, तेव्हा आसिफाने खुर्चीतल्या बाईचं काम अर्धं सोडून त्यांना धरलं आणि बाकावर बसवलं. खुर्चीतली बाई शाळेत शिकवायची. तिची एक भुवई झाली होती, एक राहिली होती. आसिफाने पुन्हा दोरा दातात धरला.

“घरात बसून बसून जीव उबगला गं,” चांगुणाबाई म्हणाल्या. “म्हणलं आसिफाकडं जाऊन बसावं घडीभर. डाव्या डोळ्यानं नुसतं धुकं दिसतंय. डॉक्टर म्हणला, आता हे असंच राहणार.”

आसिफाचा दोरा चालत राहिला.

“तुझं बाई सगळं चोख. कल्याण म्हणला, भाभीनं धुऊनच दिल्ती. मला तर आधीच ठावं होतं. परक्या माणसाला काळजी असती, आन् घरचीनं... सूनबाईला मी लेकीवाणी ठिवलं होतं. दोन शब्द बोलले आसंन सणाच्या गडबडीत. म्हणून काय माझे डोळे घ्यायचे?” त्यांचा आवाज फाटला. “कल्याण म्हणतो, आता फारकतच घेतो.”

आसिफाने दातातला दोरा सोडला.

“मावशी, मी धुतली नव्हती.”

“काय?”

“बाटली. मी धुतली नव्हती. निळ्या क्रेटमधल्या संपल्या होत्या. मी लाल क्रेटमधली न धुता भरून दिली. त्यात दुसऱ्या घरचा नालीचा सोडा होता. पायलने काहीच केलं नाही. तिला तर मी उद्या ये म्हणत होते.” ती एका दमात बोलली. थांबली असती तर पुढचं आलं नसतं. “कल्याणभाऊंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. नंतर मला पक्कं कळलं, तरी मी दोन महिने गप्प राहिले.”

खुर्चीतली बाई एका भुवईनिशी वळून बघत होती. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. चांगुणाबाईंनी चष्मा काढला. डावं बुबुळ दुधाळ झालं होतं. त्या डोळ्याने काही दिसत नसेल, तरी तो आसिफावरच रोखलेला होता.

“दोन महिने,” त्या म्हणाल्या. मग काठी चाचपून उठल्या. आसिफा धरायला पुढे झाली, तर म्हणाल्या, “नको. हात नको लावू.”

त्या एकट्याच पायऱ्या उतरल्या. एका पायरीला बराच वेळ लागला.

खुर्चीतल्या बाईनेही दुसरी भुवई करून घेतली नाही. दुपारपर्यंत गावभर झालं. कुणी दगड मारला नाही, डबे फोडले नाहीत. बायका फक्त येईनाशा झाल्या. सलमा मात्र धावत आली आणि दारातच रडायला लागली, “मीच तो सोडा...” आसिफाने तिला आत घेतलं, पाणी दिलं. “तू आणून दिली, धुवायची मला होती,” ती म्हणाली. “तुझं काही नाही यात.” दुसऱ्या दिवशी आमिरने हातगाडी आणली आणि दुकानातल्या सगळ्या बाटल्या मोजून न बघता भरून वखारीत नेल्या.

कल्याण त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी आला होता. तो ओरडेल असं आसिफाला वाटलं होतं, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो दारात उभा राहून एवढंच म्हणाला,

“उद्या अंकुशनगरला चला माझ्यासंगं. हे तिच्या बापासमोर तुम्ही सांगायचं. माझ्यानं न्हाई होणार.”

दोघे बसने गेले, जालन्याला गाडी बदलून अंबडकडे. वेगवेगळ्या सीटवर बसले होते. वाटभर उसाच्या ट्रॉल्या लागत होत्या. पायलचे वडील कारखान्यात नोकरीला होते, वसाहतीतल्या छोट्या घरात राहायचे. त्यांनी दार उघडलं, जावयाकडे पाहिलं, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या अनोळखी बाईकडे. पायल आतून आली. वाळली होती. आसिफाला बघून ती जागीच थांबली.

आसिफाने उभ्यानेच सांगितलं. आदल्या दिवसासारखंच, काही न गाळता. पायलच्या फोनचंही सांगितलं, की तेव्हाही आपल्याला माहीत होतं.

पायलची आई रडायला लागली. पायल नाही रडली. ती म्हणाली,

“म्हणजे मी येडी न्हाई झाले.”

“नाही,” आसिफा म्हणाली.

“फोनवर तुम्ही म्हणलात, आठवून बघते.”

आसिफाला मान वर करता आली नाही.

“गडबडीत चूक होती ताई. मीच घाई केल्ती, हे मला कळतंय. पण यांनी इचारलं तवा तुम्हाला मी दिसले न्हाई का? माझंच नाव येणार, हे नव्हतं कळलं?”

“कळलं होतं.”

हे उत्तर पायलला अपेक्षित नसावं. ती कल्याणकडे वळली.

“आन् तुम्ही? ह्या परक्या. यांनी दुकानासाठी खोटं बोललं. तुम्ही कशासाठी यांचं खरं धरलं? मी घरात रडून सांगत होते, तवा माझं का न्हाई धरलं?”

कल्याण खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सासऱ्यांनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

पायल त्या दिवशी त्यांच्यासोबत आली नाही. परतीच्या बसमध्ये कल्याण खिडकीबाहेर बघत होता आणि आसिफाला त्याच्याबद्दलही वाईट वाटत होतं. त्याचं मोडलेलं घरही तिच्याच हातचं होतं, आणि त्यातलं थोडं त्याच्याही. पण स्वतःचा वाटा त्यामुळे जराही हलका होत नव्हता.

पायल परतली ती पंधरा दिवसांनी. चांगुणाबाईंनी स्वतः फोन करून बोलावलं तेव्हा. ‘सासूबाई फोनवर रडल्या’, असं गावात म्हणत. खरं-खोटं आसिफाला माहीत नाही. बाजारात पायल दिसली तर मान हलवून पुढे जायची. थांबून बोलली नाही, तोंडही फिरवलं नाही. याहून जास्त मागायचा हक्क आपल्याला नाही, असं आसिफाला वाटायचं.

पार्लर हळूहळू थोडंफार चालू झालं, फक्त केसांचं आणि भुवयांचं. काही मुलींनी आग्रह केला, “ताई, बाटल्या सुरू करा ना. आता तर तुम्ही आणखी जपून कराल.” आसिफा म्हणायची, “करीन कधीतरी,” आणि विषय बदलायची. कल्पना चांगलीच होती, हे तिला आजही मान्य होतं. म्हणून तर जास्त लागायचं. पुन्हा काही नवं काढणाऱ्या बाईला गाव तिचं उदाहरण देणार होतं.

चांगुणाबाईंना दर महिन्याला डोळा दाखवायला संभाजीनगरला जावं लागे. कल्याणला मोंढ्यातून दर वेळी सुट्टी मिळेना, पायलला दिवस गेले होते. आसिफाने निरोप धाडला, की मी नेईन. उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात ठरलेल्या दिवशी ती सकाळीच बसस्टँडवर जाऊन उभी राहिली. चांगुणाबाई एकट्याच आल्या, काठी टेकत. तिला पाहिलं आणि गाडीत चढल्या. आसिफा मागोमाग चढली आणि त्यांच्या शेजारी बसली.

दवाखान्यात चार तास गेले. आसिफाने केसपेपर काढला, थेंब घालायच्या वेळा लिहून घेतल्या. नर्सने विचारलं, “लेक का?” चांगुणाबाई म्हणाल्या, “न्हाई.” आसिफा आपली कोण, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आसिफानेही नाही.

परत भोकरदनला उतरताना गाडीची पायरी उंच होती. एका डोळ्याने त्यांना खोलीचा अंदाज येत नव्हता. पाय पुढे केला, मागे घेतला. मागून लोक घाई करत होते. खाली उभ्या असलेल्या आसिफाने हात पुढे केला नाही. नको म्हटलेलं तिला आठवत होतं. ती फक्त जवळ उभी राहिली.

चांगुणाबाईंनी क्षणभर वाट पाहिली. मग कुरकुरत म्हणाल्या, “आता धर की. पडू का मी?”

आसिफाने त्यांचा हात धरला आणि त्यांना खाली उतरवलं. जमिनीवर पाय टेकल्याबरोबर त्यांनी हात सोडवून घेतला, काठी सावरली आणि घराच्या रस्त्याला लागल्या. थोडं चालून, मागे न बघता, म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात नऊची गाडी हाये. उशीर करू नको.”